फोन कुणी केला

११ मे

सरांनी आजपासून प्रत्येकीला सरावाची वही ठेवायला लावली आहे. किती वेळा धावलात, किती वेळात, झोप किती, दुखतंय काय. दर शनिवारी त्यांच्यापुढे धरायची. मी तेहतीस वर्षांची बाई, दोन ऑलिंपिक करून आलेली, आणि शाळकरी पोरीसारखी वही तपासून घ्यायची! म्हणून ही दुसरी वही काढली. ही कुणाला दाखवायची नाही. हिच्यात खरं लिहायचं.

तर खरं असं. पहिल्या ऑलिंपिकला दोनशे मीटरच्या पहिल्याच फेरीत बाहेर. विमानतळावर घ्यायला फक्त नवरा. दुसऱ्या खेपेला रिलेत चौथ्या, तीन शतांश सेकंदांनी. शिंकेलाही त्याहून जास्त वेळ लागतो. ही तिसरी खेप आणि शेवटची. चौघी धावतात, प्रत्येकी शंभर मीटर. तिसरा टप्पा माझा, म्हणजे वळण. नाकासमोर पळणाऱ्या ढिगाने मिळतात. वळणावर अंग आत झोकून वेग न सोडणारी या देशात एकच आहे, आणि ती मी.

सरांना मात्र हल्ली राखीव पोरीचं फार कौतुक. एकोणीस वर्षांची, काडेपेटीतल्या काडीएवढी. काडीच म्हणते मी तिला.

१९ मे

सुटताना डाव्या मांडीच्या मागे टचकन झालं. काही नाही, पाणी कमी प्यायले होते. सरांच्या वहीत लिहिलं, ‘दुखणं: नाही.’

घरी नवऱ्याने ओळखलंच. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठे काय करकरतंय ते ऐकायची दिवसभराची सवय, ती घरी आल्यावरही सुटत नाही. मी मोजे घालायला पलंगावर टेकले, एवढ्यावरून म्हणाला, “डावी का?”

“काय डावी?”

“पाच वर्षांपूर्वीची.”

पाच वर्षांपूर्वी ती फाटली तेव्हा अडीच महिने याने मला उचलून न्हाणीघरात नेलं होतं. तेव्हापासून त्या मांडीवर आपला मालकीहक्क आहे असं त्याला वाटतं. मी सरळ शब्दच घेतला त्याच्याकडून. सरांना सांगायचं नाही, आईला सांगायचं नाही.

“डॉक्टरला तरी?”

“कुणालाही म्हणजे कुणालाही.”

हातातला पाना फडक्याने पुसत बसला. पाना केव्हाचा स्वच्छ होता. मग म्हणाला, “बरं.”

२ जून

आज काडीला वळणावर पळवलं. माझ्यापेक्षा फक्त सात शतांश जास्त. सर तिला म्हणाले, “शाब्बास!” मला म्हणाले, “तुम्ही जरा आखडून धावताय का?” मी म्हटलं, “बूट नवे आहेत.” बूट नवे आहेत हे खोटं नाही.

ती पोरगी नंतर माझ्याकडे येऊन विचारते, “ताई, वळणावर डावा खांदा किती पाडायचा?” मी म्हटलं, “सरांना विचार, त्यांना सगळं येतं.” माझी जागा घ्यायला निघाली आहे आणि ती कशी घ्यायची ते मीच शिकवायचं!

२३ जून

नवरा शर्टाची बाही फाडून घेऊन आला. एका इमारतीतली लिफ्ट बंद करून ‘वापरू नये’ची पाटी लावली, तर सहाव्या मजल्यावरच्या कुणीतरी धरून ओढलं म्हणे.

मी विचारलं, “चालत होती ना लिफ्ट?”

“चालत होती.”

“मग कशाला बंद केलीस?”

“चालत होती म्हणूनच लोक बसत होते ना.”

याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो. लोकांच्या शिव्या खाऊन येतो आणि वर पोटभर जेवतो.

१४ जुलै

सराव शिबिर. खोलीत मी आणि काडी. एका खोलीत ठेवण्यात सरांचा काही डाव असणार. तिचे केस बेसिनमध्ये, तिची घडी घातलेली टापटीप कपाटात, तिचं सकाळचं गुणगुणणं. मांडी सकाळी ताठ असते, धावून गरम झाली की सुटते. कुणाचीही होते. वेदनेच्या गोळ्या मोज्यात ठेवल्या आहेत. चालणाऱ्या गोळ्या आहेत, बंदी असलेलं काही नाही. आज दोन घेताना मागे वळले तर ही दारात उभी.

“डोकं दुखतंय,” म्हटलं.

“पाणी आणू का?”

पाणी आणू का! किती साळसूद.

७ ऑगस्ट, दुपारी

आम्ही अंतिम फेरीत!

सकाळची प्राथमिक फेरी. सगळं स्टेडियम कानात घोंघावत होतं, आणि खुणेच्या पट्टीवर दुसऱ्या टप्प्यावरच्या मुलीचं पाऊल पडताच मी सुटले. “घे!” हात मागे, बॅटन तळहातात चपखल बसला, मागे बघावंही लागलं नाही. वळण असं कापलं की बस्स. मांडीने हूं की चूं केलं नाही. शेवटच्या टप्प्यावर आमची कप्तान, तिच्या हातात बॅटन ठेवला. आम्ही तिसऱ्या आलो. कप्तानने उचलून गरगर फिरवलं मला. उद्या संध्याकाळी अंतिम. आठ वर्षं ज्यासाठी घासली ती उद्याची संध्याकाळ.

नवऱ्याला फोन केला. म्हणाला, “पाहिलं मी. तीनदा पाहिलं.”

“अरे, अभिनंदन तरी कर!”

“अभिनंदन,” म्हणाला. मृताच्या घरी आल्यासारखा आवाज.

७ ऑगस्ट, संध्याकाळी

पाच वाजता सरांनी डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं.

“मला एक फोन आला होता,” सर म्हणाले. “तुमची मांडी मे महिन्यापासून दुखते आहे.”

“कुणाचा फोन?”

“ते सांगणार नाही.”

“मग खोटा आहे.”

“खोटा असेल तर डॉक्टरांना तपासू द्या.”

डॉक्टरांनी पालथं झोपवून मांडीच्या मागे अंगठा रुतवला. मी ब्र काढला नाही. पण त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. टेबलाची कड धरून बोटं पांढरी पडली होती. सर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, “उद्या तिसऱ्या टप्प्यावर ती धावेल.”

मी सरांना काय काय बोलले ते लिहिण्याजोगं नाही. ते ऐकून घेत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, “मी आणखी तीन मुलींचाही प्रशिक्षक आहे.”

कुणी सांगितलं? गोळ्या कुणी पाहिल्या होत्या? जागा कुणाला मिळाली? शेंबड्या पोरालाही कळेल.

खोलीत आले तेव्हा ती पलंगावर बसून मोज्यांच्या घड्या घालत होती. मी तिला जे म्हटलं ते इथे लिहिते, कारण खरं लिहायचं ठरवलंय. म्हटलं, “उद्या तुझ्या हातून बॅटन पडणार आहे. अख्खं जग बघेल. आणि मी टाळ्या वाजवणार आहे.” ती तशीच बसून राहिली, एक मोजा हातात. मी नाही सांगितलं, असं ती एकदाही म्हणाली नाही. यावरूनच कळतं.

८ ऑगस्ट

प्रेक्षकांत बसून पाहिलं. माझ्या वळणावर ती. माझ्या पट्टीवरून ती सुटली, माझा बॅटन तिच्या हातात. तिने तो कप्तानकडे पुढे केला त्या क्षणी मी उभी राहून ओरडले. ‘पळ’ ओरडले की ‘पड’, मला खरंच सांगता येत नाही.

पडला नाही. कांस्यपदक.

चौघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. पुढच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस वळून मला म्हणाला, “तुमचा देश ना? अभिनंदन!” मी त्याला बसायला सांगितलं, मागे दिसत नाही म्हणून. बघण्यासारखं काही उरलं नव्हतं.

९ ऑगस्ट

प्राथमिक फेरीत धावलेलीलाही पदक मिळतं. मला ते भोजनगृहात मिळालं. व्यवस्थापकाने डबी पुढे सरकवली, “इथे सही करा.” शेजारी कुणीतरी अंडं सोलत होतं.

१६ ऑगस्ट

घरी. मी टपालाच्या पार्सल विभागात काम करते, तिथे आज सत्कार. पार्सलं भिंतीकडे सारून खुर्च्या मांडल्या होत्या. साहेब म्हणाले, “बाईंनी देशासाठी वळण गाठलं!” सगळे हसले, मीही दात दाखवले. आई फोनवर रडते, शेजारीण लेकराला घेऊन येते, पदकाला हात लावू द्या म्हणते. लावा, म्हटलं. चाटायला दिलं तरी माझी हरकत नाही.

नवरा आल्यापासून चोरासारखा वागतो. पदक डबीतून काढूनही पाहिलं नाही. मत्सर असेल. पुरुषांना होतो. मी दिवसरात्र त्या काडीला शिव्या घालते, आणि हा चहा गाळत बसतो.

२० ऑगस्ट

संघटनेकडे तक्रार केली. सहकारी खेळाडूने माझ्या तब्येतीची खासगी माहिती फोडून स्वतःची निवड करून घेतली, असं सरळ तिचं नाव घालून. कप्तानची साक्षीदार म्हणून सही. तीही म्हणाली, “पोरगी दिसते तेवढी साधी नाही.” पाठवून टाकलं. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवले.

२२ ऑगस्ट

नवऱ्याला तक्रारीची प्रत दाखवली. त्याने उभ्यानेच वाचली, मग खाली बसून पुन्हा वाचली.

“हे पाठवू नकोस.”

“परवाच पाठवलं.”

त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं याला चक्कर येतेय.

“फोन मी केला होता,” तो म्हणाला.

मला आधी कळलंच नाही. कसला फोन, असं मीच विचारलं.

“सरांना. फेरी पाहिल्यावर. सरळ रेषेत आलीस तेव्हा तुझं डावं पाऊल उचलतच नव्हतं.”

“मी तुझ्याकडून शब्द घेतला होता.”

“हो.”

“आणि?”

“मोडला.”

“माझी आठ वर्षं—”

“मला माहीत होतं. तू मला कधी माफ करणार नाहीस हे धरूनच नंबर फिरवला.”

मी म्हटलं, आणि पंधरा दिवस मी त्या पोरीचा उद्धार करत होते तेव्हा? तेव्हा तुझी जीभ कुठे गेली होती? तर म्हणतो, रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू. म्हणजे माझा घात करायला याच्याकडे धाडस होतं, कबूल करायला नव्हतं! हाताला लागली ती पदकाची डबी भिंतीवर फेकली. भिंतीचा रंग उडाला. पदकाला काही झालं नाही.

रात्र व्हायच्या आत कपडे भरून भावाकडे जा, म्हटलं. गेला. जाताना मांडीला शेकायची पिशवी टेबलावर काढून ठेवून गेला. तीही फेकली.

२९ ऑगस्ट

मांडीचा एमआरआय काढून घेतला, नवऱ्याला खोटं पाडायचं म्हणून. पाच सेंटिमीटर फाटलेला स्नायू. डॉक्टर म्हणाले, “आणि यावर तुम्ही चालत आलात?”

मी विचारलं, “आठ तारखेला धावले असते तर टिकली असती का?”

“टिकलीही असती. दहाव्या पावलाला गेलीही असती.”

“नक्की सांगा.”

“बाई, मी डॉक्टर आहे, ज्योतिषी नाही.”

याचाच संताप येतो. गेली असती तर गेली, टिकली असती तर टिकली. पण ते मला कळायला हवं होतं. माझ्या पायाचं उत्तर दुसऱ्या कुणी का द्यावं?

४ सप्टेंबर

संघटनेचं पत्र आलं. चौकशी अठराला. तोपर्यंत काडीला शिबिरातून काढलंय. पत्र हातात घेऊन तासभर बसले. काय करायचं ते स्पष्ट होतं आणि करायची इच्छा नव्हती. शेवटी उठले.

ती नगरपालिकेच्या मैदानावर एकटीच सराव करत होती. गवत वाढलेलं, पट्ट्या पुसट. मला पाहून थांबली नाही, फेरी पुरी करूनच आली.

“तू फोन केला नव्हतास,” मी म्हटलं.

“नव्हता.”

“मग तेव्हा तसं म्हणाली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे होतं? तुम्ही सांगत होतात.”

मी म्हटलं, माझं चुकलं. हे शब्द माझ्या तोंडातून सहज निघत नाहीत, तेव्हाही दगडासारखे निघाले. ती बुटाची नाडी सोडत होती. म्हणाली, “ताई, सरांनी मला जुलैमध्येच विचारलं होतं. तुझी खोलीतली ताई गोळ्या घेते का म्हणून.”

“मग?”

“म्हटलं, नाही घेत. ठणठणीत आहेत.”

तिने नाडी पुन्हा घट्ट बांधली.

“खोटं बोलले. नाहीतर मला तेव्हाच जागा मिळाली असती.” मग मान वर करून म्हणाली, “आणि बॅटन हातात आला ना, तेव्हा मला सरांचा आवाज आला नाही, लोकांचा आला नाही. तुमचा आला. पडणार आहे, पडणार आहे. शंभर मीटर. माझं पहिलं ऑलिंपिक होतं ते.”

मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला गेले. ती बाजूला झाली. “आता जा, ताई. माझ्या दोन फेऱ्या राहिल्यात.”

१० सप्टेंबर

नवऱ्याने शब्द मोडला म्हणून तो नीच. त्या पोरीने माझ्यासाठी खोटं बोलून मला सांभाळलं, तिला मी मातीत घातलं. सहा दिवस हेच दळण दळते आहे. कुणावर चिडायचं तेच समजेनासं झालंय, आणि चिडल्याशिवाय तर राहवत नाही.

मग आज ही वही चाळली. सात ऑगस्टचं पान. मांडीने हूं की चूं केलं नाही, म्हणे.

खोटं आहे ते. या वहीतसुद्धा खोटंच लिहिलं. चाळीस मीटरवर मागे काहीतरी उसवलं, आवाज ऐकू आला मला. पुढची साठ मीटर मी धावले नाही, स्वतःला रेटलं. कप्तानने उचलून फिरवलं तेव्हा किंचाळले, तिला वाटलं आनंदाने. दुसऱ्या दिवशी पाय जाणार हे मला ठाऊक होतं. आणि तरीही मी उभी राहणार होते. पडले असते तर माझ्या वळणावर पडले असते, एवढं मला पुरेसं होतं. बाकीच्या तिघींचा विचार मनात आला नाही. एकदाही नाही.

सर म्हणाले होते, आणखी तीन मुलींचा. तेव्हा वाटलं होतं, टोमणा मारतायत.

१८ सप्टेंबर

चौकशी. टेबलामागे तिघे जण. बाहेर बाकावर काडी आणि तिचे वडील. ते कारखान्याच्या गणवेशातच आले होते, पाळी सोडून. माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी चटकन आत शिरले.

मी तक्रार मागे घेते, म्हटलं. सचिव खूश झाले. “उत्तम! ‘गैरसमजातून झालं’ एवढं लिहा आणि सही करा. विषय संपला. तुम्ही पदकविजेत्या, उगाच चर्चा कशाला?”

कागद ओढून घेतला. ‘गैरसमजातून’ लिहायला दोन सेकंद लागले असते. लिहिलं काय, तर मे महिन्यापासूनची मांडी, सरांच्या वहीतला खोटेपणा, गोळ्या, प्राथमिक फेरीतले चाळीस मीटर. सहकारी खेळाडू निर्दोष आहे, दोष माझा आहे. दोन्ही बाजू भरल्या. सचिवांनी वाचून चष्मा काढला.

“बाई, हे लेखी दिलंत तर आम्हाला कारवाई करावी लागेल.”

“मग करा ना! मी काय तुमचे हात धरलेत?”

एवढ्या जोरात ओरडले की बाहेर ऐकू गेलं असणार.

एक वर्षाची बंदी. तेहतिसाव्या वर्षी एक वर्ष म्हणजे कायमचं. हे त्यांनाही कळत होतं. एकाने तर माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

बाहेर काडीच्या वडिलांना म्हटलं, “उद्यापासून ती शिबिरात.” त्यांनी मान हलवली. काडी उठली, पिशवी खांद्याला लावली आणि म्हणाली, “बरं.” हसली नाही. तिने हसावं अशी माझी लायकी नाही. पण ‘बरं’ एवढ्यावर भागवलं, याचा जिन्यापर्यंत राग आला. कप्तानने तर फोन उचलणंच बंद केलंय. साक्षीदार म्हणून तिचीही शोभा झाली.

२१ सप्टेंबर

नवरा हत्यारांची पिशवी न्यायला आला. निदान तसं म्हणाला. चार आठवडे त्या पिशवीवाचून याचं काम कसं चाललं, ते मी विचारलं नाही.

“बंदीचं कळलं,” म्हणाला.

“मग? बरं वाटलं?”

“नाही.”

“पुन्हा तशी वेळ आली तर फोन करशील?”

त्याने खूप विचार केला. माझी आशा होती की निदान आता तरी खोटं बोलेल.

“करीन.”

मला त्याला धक्के मारून बाहेर काढावंसं वाटलं. तेवढ्यात मी खुर्चीतून उठायला गेले आणि मांडीत कळ आली, तर हा हात पुढे करायला आला आणि मध्येच थांबला. हात तसाच हवेत. किती बावळट दिसत होता.

“घरी येऊ का?” त्याने विचारलं.

“ये. पण मी तुझ्याशी बोलणार नाही.”

“किती दिवस?”

“माहीत नाही. वर्षभर. संघटनेने मला दिलं तेवढं.”

“बरं,” म्हणाला. या ‘बरं’ने माझं डोकं फिरतं.

आत्ता तो स्वयंपाकघरात भांडी लावतोय. ताटं फळीच्या टोकाला रचतो, हे मला इथून आवाजावरूनच कळतंय. लग्नाला बारा वर्षं झाली, अजून याला ताटं रचता येत नाहीत. उठून सांगणार नाही. सांगितलं तर बोलल्यासारखं होईल, आणि बोलायचं नाही म्हणजे नाही.

पडली. सगळीच्या सगळी पडली.

ओरडले. म्हणजे बोललेच.